वाचून दाखवणारे

गेल्या वर्षी पाडव्याला दुपारची जेवणे आटोपून आमचे मामा ओटीवर दिवाळी अंक वाचीत बसले होते. वाचक म्हणतील, यात सांगण्यासारखे ते काय? पाडव्याच्या दुपारी अर्धा महाराष्ट्र हेच करीत असतो. परंतु आमच्या मामांना चौथ्या वर्षी देवी आल्या आणि त्यात त्यांचे दोन्ही डोळे गेले. आज त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. अंक मांडीवर उघडा होता, मोबाईल त्याच्यावर हातभर उंच धरलेला होता, आणि त्यातून एक बाई पुष्कळशा शुद्ध व थोड्याशा चमत्कारिक मराठीत गोष्ट वाचून दाखवीत होती. गोष्ट ऐन रंगात आली असता नायिकेच्या तोंडून एकाएकी उटण्याची जाहिरात बाहेर पडली. मामा मोठ्याने हसले. म्हणाले, "अरे, हिला रकाने कळत नाहीत. डावीकडचं वाक्य अर्धं टाकून ही सरळ उजवीकडे घुसते. पण एक आहे हं, ही काही गाळत नाही."

ते शेवटचे वाक्य माझ्यासाठी होते.

मी मामांचा जुना वाचक. माझे बालपण पनवेलास आजोळी गेले. तेव्हाचे पनवेल म्हणजे १८५२ सालची नगरपालिका मिरवणारे, एके काळी बैलगाडीच्या चाकांसाठी नाव कमावलेले, वडाळे तळ्याच्या काठाने पसरलेले एक निवांत गाव. वाशीचा पूल व्हायचा होता आणि मुंबई चांगली लांब होती. लाईन आळीतल्या आमच्या घरी दुपारी आजोबा वामकुक्षी करीत, मामा पडवीत वेताच्या खुर्च्या विणीत, आणि मी त्यांच्यापुढे पाटावर बसून वाचीत असे. सकाळचे वर्तमानपत्र, आलेली पत्रे, आणि वाचनालयातून आणलेले एखादे पुस्तक असा तो क्रम होता. मी नऊ वर्षांचा. तळ्यावर पोरे जमलेली असत, त्यांचा आरडाओरडा ऐकू येई, आणि मग मी हळूच एखादे पान उलटून पुढे जाई. मामांचे हात चालूच असत. थोड्या वेळाने ते शांतपणे विचारीत, "राजा आत्ता घोड्यावर होता ना रे? मग तो न्हाणीघरात कसा शिरला?" मी निमूटपणे पान मागे उलटीत असे.

पानांची चोरी अशी पकडली जाई. एक पत्र मात्र मी अर्धेच वाचले, आणि ती चोरी पकडली गेली नाही अशी माझी पन्नास वर्षे समजूत होती. त्याविषयी पुढे येईलच.

अंधाने वाचायचे म्हणजे दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे, ही रीत हजारो वर्षांची. आपल्याकडे श्रवणाला मान मोठा, त्यामुळे तिच्यात कुणाला उणेपणा वाटला नाही. विदर्भातले गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी अगदी तान्हेपणी गेली. तरी चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभरावर ग्रंथ रचले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात ते योग्यच आहे. पण मला मात्र त्यांच्याबरोबर आणखी काही माणसे दिसतात: जवळ बसून तासन्‌तास ग्रंथ वाचून दाखवणारी, त्यांनी सांगितलेला मजकूर उतरून घेणारी. असे वाचक ज्याला मिळाले तो भाग्यवान. ज्याला नऊ वर्षांचा भाचा मिळाला त्याने काय करावे?

ह्या प्रश्नाला पहिले खरे उत्तर पॅरिसच्या अंधशाळेत मिळाले. व्हॅलेंटीन हाउई ह्या गृहस्थाने १७८५ च्या सुमारास तेथे शाळा काढली आणि कागदावर उठावाची अक्षरे दाबून मुलांना वाचायला शिकवले. कल्पना दयाळू होती, पण ती डोळसाची होती. डोळ्याला सोपे ते बोटालाही सोपे, असे त्याने गृहीत धरले होते. लुई ब्रेल हा खोगीर करणाऱ्या कारागिराचा मुलगा. तिसऱ्या वर्षी बापाच्या हत्याराने डोळ्याला इजा होऊन आंधळा झालेला. बार्बिए नावाच्या एका लष्करी गृहस्थाने बारा ठिपक्यांची एक लिपी काढली होती. ब्रेलने ती हाताखालून घातली आणि ठिपके बारांचे सहा केले, कारण सहा ठिपके एका बोटाच्या टोकाखाली एकदम मावतात. सहा ठिपक्यांच्या त्रेसष्ट आकृत्या होतात, आणि तेवढ्यात अक्षरे, अंक, विरामचिन्हे, संगीत, सगळे बसते. १८२९ साली त्याने ही लिपी छापून प्रसिद्ध केली. डोळस मास्तरांना ती आवडली नाही. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांना ती वाचता येईना हेच एक कारण असावे, असा माझा आपला तर्क आहे. १८५२ मध्ये ब्रेल वारला आणि त्यानंतर दोन वर्षांनी त्याच्या शाळेने ती लिपी रीतसर स्वीकारली.

मुंबईत अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड बाईंनी १९०० साली अंध मुलांची शाळा काढली. १९०२ मध्ये ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा निघाली. मुलांना शिकवायचे ते कोणत्या ठिपक्यांनी, ह्यावर मात्र एकमत नव्हते. स्वतः दृष्टी गमावलेले डॉ. नीळकंठराय छत्रपती यांनी एक लिपी रचली, पाद्री नोल्स यांची दुसरी, म्हैसूरकडची तिसरी. एका गावी शिकलेल्याला दुसऱ्या गावचे पुस्तक निरुपयोगी! अखेर १९५१ साली भारती ब्रेल ही सर्व भारतीय भाषांची एक लिपी ठरली. 'क' मराठीतला असो, बंगालीतला असो की तमिळमधला, ठिपके तेच. तिची आणखी एक खुबी मामांनी मला दाखवली. आपण 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढतो आणि म्हणतो मात्र नंतर. ब्रेलमध्ये जे आधी उच्चारायचे ते आधी लिहायचे. "तुमची लिपी डोळ्यांची," मामा म्हणत, "आमची तोंडाची."

मामांना आठव्या वर्षी मुंबईच्या एका अंधशाळेत घातले होते. तेथे ते पाटी आणि टोचा शिकले. पाटीत जाड कागद अडकवायचा, उजवीकडून डावीकडे टोचत जायचे, आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचे. पनवेलास परत आल्यावर शाळासोबत्यांची ठिपक्यांची पत्रे येत. जाड, फुगीर पाकिटे असत ती. मामा ती दुपारी मांडीवर घेऊन बोटांनी वाचीत आणि मधेच हसत. आजोबा एकदा त्यांच्याकडे बघत म्हणाले, "काय लिहितात कोण जाणे!" आजोबांच्या स्वरात थोडी अस्वस्थता होती. त्या घरात मामांच्या मालकीचे एवढेच होते, जे कुणाच्याही हातून गाळून जाणे शक्य नव्हते.

परंतु ब्रेलमध्ये जग कितीसे उतरणार? जाड कागदावरच्या ठिपक्यांमुळे एका कादंबरीचे अनेक खंड होतात. ते ठेवायला कपाट पाहिजे आणि आणायला हमाल. वर्तमानपत्र, औषधाची चिठ्ठी, लग्नाची पत्रिका, बँकेचे पत्र हे ठिपक्यांत येतच नाही. 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक स्वागत थोरात यांनी सुरू केले तेव्हा २००८ साल उजाडले होते. मामा ते अजून घेतात आणि जपून ठेवतात. मधल्या काळात बोलकी पुस्तके आली. अमेरिकेत १९३४ साली अंधांसाठी लांब वाजणाऱ्या तबकड्या निघाल्या. तशा तबकड्या बाजारात गाण्यासाठी यायला पुढे चौदा वर्षे लागली. मुंबईत १९५२ साली स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ह्या संस्थेनेही पुढे ध्वनिफितींचे ग्रंथालय उभारले. कुणी कुणी बायका घरकाम आटोपून येत आणि तेथे बसून कादंबऱ्या वाचीत. मामांनी कॅसेटवर ऐकलेल्या अशा एका वाचणारीचा आवाज त्यांना आजही ओळखता येईल. ती एका प्रकरणात मधे खोकली होती, तेसुद्धा त्यांना आठवते.

यंत्राने वाचावे ही हाव मात्र त्याहून जुनी आहे. फुर्निए दाल्ब नावाच्या शास्त्रज्ञाने १९१३ च्या सुमारास इंग्लंडात ऑप्टोफोन नावाचे यंत्र केले. छापील अक्षरावर प्रकाश टाकायचा आणि काळ्यापांढऱ्याच्या आकाराप्रमाणे वेगवेगळे सूर काढायचे. म्हणजे प्रत्येक अक्षराचा एक राग! मेरी जेम्सन ह्या अंध तरुणीने १९१८ साली त्यावर वाचून दाखवले, तेव्हा तिचा वेग मिनिटाला जेमतेम एक शब्द होता. पुढे तिने तो साठांपर्यंत नेला. त्या बाईंच्या कानाला मी मनोमन नमस्कार करतो. तरी त्या यंत्रात वाचण्याचे सारे काम माणसाचेच होते. यंत्र फक्त सूर काढी.

खरे वाचणारे यंत्र १९७६ च्या जानेवारीत अमेरिकेत रेमंड कर्झवाइल यांनी जाहीर केले. काचेवर पुस्तक पालथे घालायचे. आतला डोळा अक्षरे टिपतो, गणकयंत्र ती ओळखते आणि कृत्रिम आवाज ती बोलतो. त्यापूर्वीची यंत्रे ठरावीक वळणाचाच टाइप ओळखीत. ह्याला अनेक प्रकारचे टाइप कळत. पहिले विक्रीचे यंत्र स्टीव्ही वंडर ह्या अंध गायकाने घेतले. घेणारा तोच असणार, कारण किंमत आपल्या आवाक्यातली नव्हती. तीस-बत्तीस वर्षांत तेच यंत्र आकसत आकसत खिशातल्या मोबाईलमध्ये शिरले.

मोबाईलची गंमत अशी की, काचेचे सपाट फोन आले तेव्हा अंधांना धास्तीच वाटली होती. चाचपायला बटणच नाही, तर फोन लावायचा कसा? २००९ साली आयफोनमध्ये आणि त्याच सुमारास अँड्रॉइडमध्ये बोलणारी सोय आली. एकदा बोट लावले की खाली काय आहे ते फोन सांगतो, दोनदा टिचकी मारली की ते उघडतो. मग कॅमेऱ्याने छापील मजकूर वाचणारी ॲप निघाली. त्यांपैकी 'सीइंग एआय' हे मायक्रोसॉफ्टने २०१७ साली आणले. ते घडवणारे साकिब शेख यांची स्वतःची दृष्टी सातव्या वर्षी गेली होती. ब्रेलपासूनची ही परंपराच दिसते: बोटाला काय हवे ते बोटवाल्यालाच कळते.

इंग्रजी वाचणे यंत्राला एक वेळ सोपे, कारण त्यांची छापील अक्षरे सुटी उभी असतात. आपली अक्षरे शिरोरेषेला दोरीवरच्या धुण्यासारखी टांगलेली. यंत्राला एक अक्षर कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते तेच उमगत नाही. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले बिदयुत बरन चौधुरी आणि उमापद पाल यांनी १९९७ साली बंगाली व देवनागरी वाचणारी पद्धत प्रसिद्ध केली. तिची युक्ती ऐकून मला मौज वाटली. आधी शिरोरेषा शोधायची, ती मनातल्या मनात पुसून टाकायची, की खालची अक्षरे आपोआप सुटी पडतात. पहिलीत बाई आम्हांला रेघ ओढायला शिकवीत. यंत्राला ती पुसायला शिकवावी लागली! तरी जोडाक्षरांचा त्रास उरतोच. 'निर्णयसागर'च्या जुन्या सुंदर टाइपात एकावर एक रचलेली जोडाक्षरे बघताना आपले डोळे निवतात, यंत्राचे फिरतात. शिवाय मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणे हिंदीहून निराळी, 'दुसऱ्या'मधला अर्धा र निराळा. हिंदीवर पोसलेल्या यंत्राने मराठी पानाची वाट लावावी हे स्वाभाविक होते. आताची यंत्रे लाखो ओळी बघून बघून स्वतःच शिकतात, म्हणून पुष्कळ सुधारली आहेत.

अक्षर ओळखले तरी उच्चार राहतोच. 'जग' हा शब्द घ्या. 'हे जग' म्हणताना आपला 'ज' वेगळा आणि 'सुखाने जग' म्हणताना वेगळा. लिहिताना दोन्ही एकच. मोबाईलमधली बाई इथे हमखास चुकते. मामांना ते खपत नाही. ते तिला पडवीतून दुरुस्त करतात, जसे मला करीत. मात्र तिचा वेग त्यांनी इतका वाढवून ठेवला आहे की मला एक अक्षर कळत नाही. ते तासाभराचे वाचन वीस मिनिटांत उरकतात.

कायद्यानेही मधे थोडे हातपाय हलवले. पुस्तकाची अंधांसाठी प्रत करायची तर पूर्वी प्रकाशकाची परवानगी लागे. आपल्याकडे २०१२ साली ती अट गेली. पुढच्या वर्षी मोरोक्कोतल्या माराकेश शहरी त्याच विषयावर जगातल्या राष्ट्रांचा करार झाला, आणि त्याला २०१४ च्या जूनमध्ये सर्वांत आधी मान्यता दिली ती भारताने. ही बातमी मीच मामांना वाचून दाखवली होती. माझ्या शेवटच्या काही वाचनांतले ते एक.

कारण त्यानंतर मला बोलावणे कमी कमी होत गेले. औषधाची पट्टी, विजेचे बिल, सोसायटीची नोटीस हे मामा आता स्वतः वाचतात. २०१६ च्या नोटाबंदीनंतर नव्या नोटांच्या आकारांतला फरक बोटांना जेमतेम कळेल इतका राहिला आणि बाजारात त्यांची फार ओढाताण झाली. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० पासून 'मनी' नावाचे ॲप दिले. कॅमेऱ्यापुढे नोट धरली की ते किती रुपयांची ते सांगते. भाजीवाल्याने दिलेली नोट मामा तिथल्या तिथे तपासतात. भाजीवाला रागावत नाही. त्याला त्याची गंमत वाटते. आमच्या पनवेलास आज लक्ष्मी आणि शंकरा अशी नावाजलेली नेत्ररुग्णालये आहेत, मोतीबिंदूने अंधारलेल्या माणसांना तेथे दृष्टी परत मिळते. मामांच्या डोळ्यांवर तसा इलाज नव्हता. त्यांचा इलाज हा.

एकदा मी त्यांना सावध करायला गेलो. म्हटले, "मामा, ह्यांतली काही ॲप्स कागदाचा फोटो कुठल्या कुठे पाठवतात आणि तिथे तो वाचला जातो. तुमचं बँकेचं पत्र कोण बघत असेल, सांगता येत नाही." मामा म्हणाले, "बघू दे. ती बाई कुणाला सांगत असेलही. लाईन आळीत तर नाही ना सांगत?"

आता ते पत्र.

१९७१ सालचा ऑक्टोबर. पोस्टमनने एक कार्ड आणून दिले. मामांच्या एका शाळासोबत्याच्या थोरल्या भावाने ते लिहिले होते. तो डोळस, मुंबईच्या एका कापडगिरणीत कारकून. ठिपके त्याला येत नव्हते, म्हणून शाईने लिहिलेले. आजोबांनी ते आधी आपण वाचले, मला माजघरात बोलावले आणि मधल्या ओळींवर नख ठेवून म्हणाले, "एवढं सोडून वाचायचं. कळलं?" का, ते मी विचारले नाही, तशी रीत नव्हती. ओटीवर येऊन मी क्षेमकुशल वाचले, मधले सोडले, शेवटचा नमस्कार वाचला आणि तळ्यावर पळालो. मामांनी कार्ड मागून घेतले आणि आपल्या ट्रंकेत ठेवले. आजोबा वाईट नव्हते. एकुलता एक मुलगा, तोही असा. त्याला मुंबईत कोण बघणार, एवढेच त्यांच्या मनात असावे.

परवाच्या पाडव्याला, उटण्याच्या जाहिरातीनंतर, मामांनी मला ट्रंक उघडायला सांगितली. कार्ड त्यांनी बोटांनीच नेमके ओळखून बाहेर काढले, मांडीवर ठेवले आणि मोबाईल वर धरला. बाईने कार्डावरचे छापील शब्द तेवढे स्वच्छ म्हटले. पुढच्या उतरलेल्या निळ्या शाईशी ती बराच वेळ झटली आणि काहीतरी 'तर ळ चा' असे पुटपुटून गप्प झाली.

"हिने गाळलं," मामा म्हणाले. "पहिल्यांदाच. आता तू वाच."

मी म्हटले, "मामा, तुम्हांला केव्हापासून ठाऊक होतं?"

"त्याच दिवसापासून. तो माणूस कार्डाच्या कडेपर्यंत खच्चून लिहायचा. आणि तू चार श्वासांत उरकलंस. वाच."

मी चष्मा लावला. मधल्या ओळी सहाच होत्या. गिरणीच्या कचेरीत टेलिफोनच्या बोर्डावर बसायला एक माणूस पाहिजे होता, साहेब अंध माणूस घ्यायला राजी होता, शिकवण्याची सोय होती, राहायला आपल्या खोलीवर यावे, आठ दिवसांत निघून यावे. मी ते एकदा वाचले. मामांनी पुन्हा वाचायला लावले, म्हणून पुन्हा वाचले.

"गिरणी कुठली लिहिली आहे?"

मी नाव सांगितले.

मामा थोडा वेळ बोटांवर काही मोजीत राहिले. मग म्हणाले, "ती ब्याऐंशीच्या संपात बंद पडली. जानेवारीत. म्हणजे दहा वर्षं मिळाली असती." त्यांनी कार्ड माझ्या हातातून घेतले, ट्रंकेत होते तेथे ठेवले, आणि दिवाळी अंक पुन्हा मांडीवर ओढला. बाईने गोष्ट जेथे सोडली होती तेथून, जाहिरातीच्या उरलेल्या अर्ध्या वाक्यासकट, पुढे वाचायला सुरुवात केली.